ओझे आधी निवडावे, बॅग नंतर

आमच्या सहचारिणीच्या उजव्या खांद्यावर एक काळपट वळ आहे. तो तेथे दोन वर्षे होता. आम्हाला मात्र तो 2024 च्या वर्षावासात दिसला, तोही डॉक्टरांनी दाखवला म्हणून. डॉक्टरांनी विचारले, "बाई, खांद्यावर काय वाहता?" ती म्हणाली, "काही नाही, डबे." "किती वजन असतं?" यावर तिने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. दर 8 मार्चला आणि 14 एप्रिलला स्त्रियांच्या प्रगतीवर भाषण करणारे आम्ही! पण आमच्याच घरातील बाई रोज किती किलो उचलते, हे आम्हाला सांगता आले नाही.

पुढे जे घडले ते एका चाकाच्या बॅगेवरून घडले. गोष्ट लहान आहे. पण आज आपल्या कितीतरी भगिनी घरोघर जाऊन माल विकतात आणि संसाराला हातभार लावतात. त्यांच्या आणि विशेषतः त्यांच्या घरातील पुरुषांच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहोत.

आमचे गाव वडगाव रासाई, भीमेच्या काठचे. अलीकडे शिरूर तालुका, नदीपलीकडे दौंड. शिवारात ऊस. ज्याला रान आहे तो ऊस लावतो, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या उसात राबतो. आम्ही बी. कॉम. होऊन एका पतसंस्थेत कारकुनी करतो. दोन मुलांचे शिक्षण एका पगारात ओढणे कठीण झाले, तेव्हा सहचारिणीने बचत गटातील एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून स्वयंपाकघरातील मालाची विक्री सुरू केली. हवाबंद डबे, पाण्याच्या बाटल्या, भांडी घासण्याचे द्रव साबण, स्टीलचे टिफिन असा तो माल.

विक्रीची पद्धत अशी. एखाद्या भगिनीच्या घरी दुपारी आठ-दहा बाया जमतात. घरवाली चहा ठेवते. डब्यात पाणी भरून तो उलटा करून दाखवायचा, थेंबही सांडत नाही हे सगळ्यांनी पाहायचे. मग वहीत मागणी लिहून घ्यायची आणि आठवड्याने माल पोचवायचा. जिच्या घरी बाया जमल्या तिला एक वस्तू भेट. कंपनीवाले याला 'पार्टी' म्हणतात. आमच्या गावात पार्टी म्हटले की लोकांना मटण नाहीतर निवडणूक आठवते, म्हणून सहचारिणी 'बैठक' म्हणते.

ही पद्धत अमेरिकेतून आली. टपरवेअर कंपनीचे डबे दुकानात खपत नव्हते. ब्राउनी वाईज नावाच्या एका बाईने ते घरोघरच्या बैठकांत विकून दाखवले. ती घटस्फोटित होती, एकटीने मुलगा वाढवत होती. 1951 साली कंपनीने तिच्याकडे विक्रीची सूत्रे दिली. 1954 साली 'बिझनेस वीक' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र आले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. आणि 1958 साली त्याच कंपनीने तिला काढून टाकले. भारतात ही कंपनी 1996 साली आली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तात्पर्य, कंपन्या येतात आणि अडचणीतही येतात. बाईचे पाय, बाईचा खांदा आणि बाईने जोडलेली माणसे हेच या धंद्याचे खरे भांडवल. ते जपले पाहिजे.

डॉक्टरांकडून आल्यावर आम्ही तिच्या दोन्ही कापडी पिशव्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवल्या. भरले 14 किलो 300 ग्रॅम. हे घेऊन ती कधी मांडवगण फराट्याला, कधी न्हावऱ्याला, कधी नदी ओलांडून केडगावला जात होती. आम्हाला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटलेला पुरुष जे करतो तेच आम्ही केले. तिला न विचारता खरेदी केली.

पुण्याला पतसंस्थेच्या कामाला गेलो होतो. एका दुकानात सेल लागला होता. पोऱ्याने चार चाकांची चकचकीत बॅग फरशीवर ठेवली आणि एका बोटाने ढकलली. बॅग बदकासारखी पुढे गेली. किंमत 1,400 रुपये. आम्ही खूश होऊन घरी आणली. सहचारिणीने तिच्याभोवती एक फेरी मारली, हात लावून पाहिला आणि इतकेच म्हणाली, "रंग चांगला हाय."

पाचव्या आठवड्यात त्या बॅगेचे एक चाक गेले. पाऊस झाला होता. मुरमाचा रस्ता, त्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या. चाकात खडा अडकला, बॅग आडवी झाली, आणि चाकाचा दांडा मुळातून मोडला. सहचारिणीने ती बॅग चिखलातून उचलून एस. टी.त चढवली, बैठक पार पाडली आणि तशीच उचलून घरी आणली. रिकामी बॅगच साडेतीन किलोची. म्हणजे चाके लावून आम्ही तिचे ओझे वाढवले होते!

आम्ही दुकानदाराला नावे ठेवू लागलो. ती म्हणाली, "अहो, दुकानदाराचं काय चुकलं? ही पुण्याच्या फरशीची बॅग हाय. आपल्या रस्त्याची न्हाई. तुम्ही ती वढून बघितली का आणताना?" आम्ही पाहिली नव्हती. केडगाव स्टेशनापर्यंत रेल्वेत आणि पुढे जीपच्या टपावर, असा त्या बॅगेचा प्रवास झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आम्हाला धडा दिला. त्या दिवशी बैठक होती. जुन्या पिशव्यांत माल भरला आणि म्हणाली, "आज स्टँडपर्यंत तुम्ही न्या." घरापासून एस. टी. थांब्यापर्यंत आमची सुमारे आठशे पावले होतात. दोनशे पावलांवर आम्ही खांदा बदलला. चारशेवर थांबलो. आठशेवर पोचलो तेव्हा बोटे वळली होती आणि पिशवीचा बंद खांद्यात रुतला होता. नेमका तेथेच, जेथे तिला वळ आहे. एरवी आम्ही या रस्त्याने वर्तमानपत्र काखेत घालून पुढे चालत असू आणि ती मागून येत असे.

या चाकाच्या बॅगेचा इतिहास आम्ही मागाहून वाचला. तो आपण वाचण्यासारखा आहे. माणूस चंद्रावर उतरला 1969 साली. आणि बॅगेला चाके लावण्याचे पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना मिळाले 1972 साली! सॅडो एका बॅगांच्या कंपनीत होते. सहलीवरून परतताना विमानतळावर दोन जड बॅगा ओढता ओढता त्यांना ते सुचले. पण मोठमोठ्या दुकानांनी आधी नकार दिला. बॅग ओढणे पुरुषांना कमीपणाचे वाटे, हे नकाराचे एक कारण खुद्द सॅडो यांनीच सांगितले आहे. त्यांची बॅग आडवी होती, चार लहान चाकांची, पट्ट्याने ओढायची. उभी, दोन चाकांची, लांब दांड्याची बॅग 1987 साली रॉबर्ट प्लाथ नावाच्या विमानचालकाने केली.

चाक तर हजारो वर्षांपासून माणसाला ठाऊक आहे. मग ते बॅगेला लागायला इतका उशीर का? आम्हाला वाटते, ज्याच्या सामानाला दुसऱ्याचे डोके मिळत होते त्याला चाकाची गरजच भासली नाही. हे आपल्याला कोणी सांगायला नको. महारकी वतनात आमच्या आजोबांनी सरकारी अंमलदाराचे बोचके डोक्यावर घेऊन या गावाहून त्या गावाला पोचवले. दिवस असो, रात्र असो. या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने ही वतने गेली. आजोबांच्या डोक्यावरचे ओझे असे कायद्याने उतरले. पण आमच्या आईच्या डोक्यावर सरपणाची मोळी राहिली आणि सहचारिणीच्या खांद्यावर पिशवी आली. ती उतरवण्यासाठी आम्ही घरात कोणता ठराव केला? काही नाही.

तेव्हा या खेपेस बॅगेची निवड सर्वस्वी तिच्याकडे दिली. आम्ही फक्त वही आणि टेप धरली.

पण बॅग पाहण्याआधी तिने भलतेच केले. सगळा माल सतरंजीवर मांडला आणि त्याचे तीन ढीग केले. पहिल्या ढिगात जे हातात देऊन दाखवल्याशिवाय विकत नाही ते. दुसऱ्यात जे पुस्तकातल्या चित्रावरून विकते ते. तिसऱ्यात 'लागले तर असू दे' म्हणून नेहमी सोबत गेलेले आणि कधीच न लागलेले. तिसरा ढीग सर्वांत मोठा निघाला. द्रव साबणाच्या एकेक लिटरच्या पाच बाटल्या ती रोज नेत होती. एका लिटरला एक किलो धरा, बाटलीचे वेगळे. पाचाऐवजी एक ठेवली. एकाच मापाचे चार डबे होते, त्यांतला एक ठेवला. लहान डबे मोठ्या डब्यांच्या पोटात गेले. पुन्हा काट्यावर ठेवले तर 8 किलो 100 ग्रॅम. बॅगेवर एक रुपया न खर्चता सहा किलो ओझे उतरले!

"आधी वझं निवडायचं, मग बॅग," ती म्हणाली. आमची बी. कॉम.ची पदवी त्या सतरंजीपुढे फिकी पडली.

मग एका रविवारी केडगावहून रेल्वेने दोघे पुण्याला गेलो. तो 8 किलो 100 ग्रॅम माल तिने सोबत घेतला. आम्ही म्हणालो, रिकाम्या हाताने जाऊ. ती म्हणाली, "रिकामी बॅग सगळ्यांचीच चांगली चालती." तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्त्याच्या बाजूची दुकाने हिंडलो. पहिल्या दुकानदाराने माल आत घालू दिला नाही. दुसरा कुरकुरला. तिसरा म्हातारा होता, तो हसून म्हणाला, "घाला बाई, ओढायची तुम्हालाच आहे." तिने बॅग भरली, दुकानाबाहेर काढली आणि रस्त्यावरून, फुटपाथच्या कडेवरून, गटाराच्या झाकणावरून ओढून आणली. तिने काय काय पाहिले ते क्रमाने देतो.

पहिली गोष्ट चाके. चार चाकांची बॅग सरळ उभी ढकलता येते, हातावर भार येत नाही. आमची मेहुणी पिंपरीत हाच धंदा करते. तिला लिफ्ट आहे, फरशी आहे, इमारतीखाली सिमेंटचा रस्ता आहे. तिच्यासाठी चार चाकेच योग्य. पण ती चाके लहान असतात आणि बाहेर आलेल्या दांड्यावर फिरतात. खडीत अडकतात, आडवा धक्का बसला की मोडतात, आणि एस. टी.ने वळण घेतले की बॅग आपोआप चालू लागते. गावच्या रस्त्याला दोन चाके बरी. ती मोठी असावीत, बॅगेच्या कोपऱ्यात निम्मी आत बसलेली असावीत. मोठे चाक खड्यावरून चढून जाते, लहान चाक खड्याला अडून बसते. दोन चाकांची बॅग कलती करून ओढावी लागते, थोडा भार हातावर येतो हे खरे. म्हणून तर ओझे आधी कमी करायचे.

दुसरी गोष्ट दांडा. तो पूर्ण बाहेर काढून बॅग कलती धरावी. हात सरळ राहिला पाहिजे, कंबर वाकता कामा नये. सहचारिणीची उंची पाच फुटांना एक इंच कमी. आम्हाला बरोबर बसणारा दांडा तिला बसत नव्हता. दांडा हलवून पाहावा, खुळखुळत असेल तर ती बॅग घेऊ नये. घरात दोघांची उंची वेगळी असेल तर जो रोज ओढणार त्याच्या मापाने घ्यावी.

तिसरी गोष्ट मुठी. एस. टी.च्या पायऱ्या उंच. स्टेशनच्या पुलाचा जिना उंच. तेथे चाके कामाला येत नाहीत, बॅग उचलावीच लागते. म्हणून वर एक आणि बाजूला एक अशा दोन मजबूत मुठी हव्यात. रिकाम्या बॅगेचे वजन लेबलावर पाहावे किंवा काट्यावर करावे. तीन किलोच्या आतली मिळाली तर उत्तम.

चौथी गोष्ट आतली जागा. विक्रीच्या मालाची बॅग ही कपड्यांची बॅग नव्हे. ती दहा बायांसमोर उघडायची असते. सपाट उघडली, सगळे एकदम दिसले, तर निम्मे काम झाले. जड वस्तू चाकांच्या बाजूला खाली, हलक्या वर. द्रवाची बाटली वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. मागणीची वही, पावतीपुस्तक आणि ओळखपत्र यांसाठी बाहेरचा कप्पा.

पाचवी गोष्ट दुरुस्ती. चाक स्क्रूने बसवलेले आहे की रिबिटाने, ते पालथी करून पाहावे. स्क्रूचे असेल तर चाक बदलता येते. पुण्यात बोहरी आळीत चाके, कड्या, नट-बोल्ट असा सारा हार्डवेअरचा बाजार आहे. चेन बिघडली तर ती कोण दुरुस्त करणार, तेही आधीच ठरवावे.

अशी बॅग मिळाली 2,450 रुपयांना. रंग राखाडी. आम्हाला निळा हवा होता. ती म्हणाली, "निळ्यावर चिखल दिसतो."

आता कारकुनाने हिशेब मांडलाच पाहिजे. आमच्या वहीप्रमाणे एका बैठकीत सरासरी 1,800 रुपयांची विक्री होते. त्यात तिचे 20 टक्के, म्हणजे 360. प्रवास 60 वजा जाता हातात 300. म्हणजे आम्ही हौसेने आणलेल्या 1,400 च्या बॅगेत तिच्या जवळपास पाच बैठकांची कमाई बुडाली. उलट, पूर्वी ओझ्यामुळे महिन्यातून चारदा रिक्षा करावी लागे, 150 प्रमाणे 600 रुपये. ती आता बंद झाली. एस. टी.त मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, त्याचा फायदा ओझे हलके झाल्यावरच खऱ्या अर्थाने मिळाला. रिक्षाच्या वाचलेल्या पैशांत नवी बॅग चार महिन्यांत जवळजवळ फिटली.

एक सूचना कायद्याची. 28 डिसेंबर 2021 रोजी केंद्र सरकारने थेट विक्रीचे नियम काढले आहेत. कामाला घेण्यासाठी प्रवेश शुल्क मागणारी, किंवा मालापेक्षा माणसे जोडण्यावर पैसे देऊ म्हणणारी योजना दिसली तर दूर राहावे. विक्री करणाऱ्यानेही ओळखपत्र जवळ ठेवावे आणि आधी विचारूनच कोणाच्या घरी जावे, असे नियम सांगतो. सहचारिणीने त्यात आपले दोन नियम घातले आहेत. विहारात वाचनाला जमलेल्या बायांसमोर बॅग उघडायची नाही. आणि जिच्या घरी दुकानाची उधारी थकली आहे तिला डबा घ्यायला भरीस पाडायचे नाही. उधारीवर मालाचा साठाही करायचा नाही. बॅगेत मावेल तेवढाच धंदा.

आज बैठकीच्या दिवशी सकाळी थांब्यापर्यंत बॅग आम्ही ओढतो. पहिल्या आठवड्यात पारावरून आवाज आला, "काय भाऊसाहेब, बायकोची बॅग वढताय?" आम्ही मान खाली घालून पुढे गेलो. दुसऱ्या आठवड्यात थांबून म्हणालो, "व्हय, घर तिच्या कमाईवर चाललंय, बॅग तरी आपण वढू." पुढच्या महिन्यात विचारणाऱ्यांपैकीच एकाने हळूच येऊन चौकशी केली, तसली बॅग कोठे मिळते, त्याची सूनही आता हेच काम करते. आम्ही त्याला दुकान सांगितले नाही. सांगितले, आधी सुनेची पिशवी काट्यावर ठेव, आणि मग तिलाच सोबत घेऊन जा.

बंधूंनो, तुमच्या घरातील आई, पत्नी, बहीण, लेक यांच्यापैकी कोणी विक्रीचा माल वाहत असेल तर हा रविवार तेवढ्यासाठी राखून ठेवा. पिशवी तोला. तीच पिशवी घेऊन थांब्यापर्यंत चाला. बॅग घ्यायची की नाही, कोणती घ्यायची, हे त्यानंतर तिला विचारा. आम्हाला हे उमगायला दोन वर्षे आणि 1,400 रुपये लागले.